विश्लेषण : महामार्ग ‘स्मार्ट’ झाला, पण पिंगळीच्या दुचाकीस्वाराचे काय?

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर कॅमेरे वेग मोजतात, सीटबेल्ट तपासतात आणि थेट मोबाईलवर चलन पाठवतात. समृद्धी महामार्ग पूर्ण झाला असून जालना–नांदेड द्रुतगती मार्गामुळे परभणी जिल्हाही या जाळ्यात येणार आहे. मात्र रस्ते अपघातांत सर्वाधिक बळी जातो तो दुचाकीस्वाराचा, आणि त्याला या मार्गांवर प्रवेशच नाही. बुद्धिमान यंत्रणा काम कशी करते, तिची मर्यादा कोणती आणि परभणी तालुक्यातील पिंगळीसारख्या गावापर्यंत ती कोणत्या रूपात येऊ शकते, याविषयी…

आयटीएमएस म्हणजे नेमके काय?

आयटीएमएस म्हणजे ‘इंटेलिजंट ट्रॅफिक मॅनेजमेंट सिस्टीम’, मराठीत बुद्धिमान वाहतूक व्यवस्थापन प्रणाली. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाच्या (एमएसआरडीसी) ९४.५ किलोमीटर लांबीच्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर ती जुलै २०२४ पासून सुरू झाली. रस्त्यावर आडव्या उभारलेल्या लोखंडी कमानी, म्हणजे गँट्री, हा तिचा सर्वांत ठळक भाग. कमानींवर कॅमेरे बसवलेले असतात. त्यांच्या जोडीला हवामान टिपणारी केंद्रे, चालत्या वाहनाचे वजन करणारे सेन्सर, चालकांना सूचना देणारे डिजिटल फलक आणि हे सारे पाहणारा नियंत्रण कक्ष असतो.

केंद्र सरकारनेही राष्ट्रीय महामार्गांसाठी अशाच यंत्रणेचे धोरण २०२३ मध्ये आणले. त्यातील कॅमेऱ्यांनी १४ प्रकारच्या घटना ओळखणे अपेक्षित आहे. विनाहेल्मेट चालक, दुचाकीवर तिघे, चुकीची मार्गिका, रस्त्यावर आलेले जनावर, रस्ता ओलांडणारा पादचारी अशा घटनांचा त्यात समावेश आहे. घटना दिसताच गस्ती वाहन आणि रुग्णवाहिकेला सूचना जावी, असा या रचनेचा गाभा आहे.

कॅमेरा वेग कसा पकडतो?

पद्धती दोन. पहिलीत एका ठिकाणचा वेग मोजला जातो. ही पद्धत चालकांना पाठ झाली आहे : कॅमेरा दिसला की ब्रेक, मागे पडला की पुन्हा ॲक्सिलरेटर. दुसरी पद्धत सरासरी वेगाची. पहिल्या कमानीखालून गाडी गेली की नंबर आणि वेळ नोंदली जाते, पुढच्या कमानीखाली पुन्हा तेच. मधले अंतर १० किलोमीटर आणि मर्यादा ताशी १०० किलोमीटर असेल, तर ते अंतर कापायला किमान सहा मिनिटे लागली पाहिजेत. गाडी पाच मिनिटांत पोहोचली, तर सरासरी वेग ताशी १२० झाला. कॅमेऱ्यासमोर ब्रेक दाबून हे लपत नाही.

दोन्हींचा पाया नंबरप्लेट वाचणे हाच आहे. छायाचित्रातील पाटी शोधायची, अक्षरे सुटी करायची, ओळखायची आणि वाहन नोंदणीच्या माहितीशी जुळवायची, हे काम संगणक क्षणार्धात करतो. पण ४१४१ हा क्रमांक ‘दादा’ असा वळणदार लिहिलेला असेल, पाटीवर चिखल असेल किंवा एखादा अंक पुसला असेल, तर यंत्र चुकते. मग ज्याची गाडी दारात उभी होती, त्यालाच चलन जाऊ शकते. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांनाही उच्च सुरक्षा पाटी सक्तीची करण्यामागे एकसारखी, यंत्राला वाचता येईल अशी पाटी हेही एक कारण आहे.

चुकीचे चलन आल्यास काय?

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये १६७-अ हा नियम आला. त्यानुसार उपकरणाला मंजुरीचे प्रमाणपत्र लागते आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. कॅमेरा असल्याची सूचना देणारा फलक आधी लावणे बंधनकारक आहे. गुन्ह्याची सूचना १५ दिवसांत पाठवायची असते आणि तिच्यासोबत छायाचित्राचा पुरावा, ठिकाण, तारीख व वेळ द्यावी लागते. राज्यात ‘महाट्रॅफिक’ ॲपवर चलन पाहता येते आणि तक्रारही करता येते. त्यामुळे आधी छायाचित्र उघडून गाडी आपलीच आहे का, हे तपासावे.

दंडामुळे अपघात कमी होतात का?

मुंबई–पुणे मार्गावर पहिल्या साधारण दहा महिन्यांत सुमारे २७ लाख चलने निघाली. दंडाची रक्कम सुमारे ४७० कोटी रुपये होती, वसूल झाले सुमारे ५१ कोटी. म्हणजे पकडण्याचा वेग वाढला, वसुली मागे राहिली. भरावा न लागणाऱ्या दंडाचा धाक फार दिवस टिकत नाही.

याच मार्गाचा आधीचा अनुभव बोलका आहे. २०१६ मध्ये येथे १५१ जणांचा मृत्यू झाला होता. त्याच वर्षी एमएसआरडीसी, महामार्ग पोलीस, महिंद्रा आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी ‘झिरो फॅटॅलिटी कॉरिडॉर’ हा उपक्रम हाती घेतला. २०१९ मध्ये मृतांची संख्या ९२ वर आली. तेव्हा आजची आयटीएमएस नव्हती. धोकादायक कठडे दुरुस्त करणे, फलक लावणे, कडेला उभी राहणारी अवजड वाहने हटवणे, जखमींना लवकर उपचार मिळवून देणे, अशी ती कामे होती. कॅमेरा अशा कामाला मदत करू शकतो, त्याची जागा घेऊ शकत नाही.

मग त्रुटी कुठे आहे?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात त्या वर्षी रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. महाराष्ट्रातील संख्या १५ हजार २२४ होती. देशातील मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवर होते. रस्त्यांनुसार पाहिले तर ३६.२ टक्के मृत्यू द्रुतगती मार्गांसह राष्ट्रीय महामार्गांवर, २४.३ टक्के राज्य महामार्गांवर आणि ३९.४ टक्के इतर रस्त्यांवर झाले. सर्वांत मोठा वाटा कमान आणि नियंत्रण कक्ष नसलेल्या साध्या रस्त्यांचा आहे.

७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर आणि मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकी, तीनचाकी व ट्रॅक्टर यांना परवानगी नाही. सुमारे १८० किलोमीटरचा जालना–नांदेड मार्ग हा समृद्धीलाच जोडणारा द्रुतगती मार्ग आहे. तो झाल्यावर कारने मुंबई गाठणे सोपे होईल. पण शेतातून घरी आणि गावातून परभणीला जाणारी दुचाकी जुन्याच रस्त्याने धावणार आहे.

पिंगळीसारख्या गावाचा धोका वेगळा कसा?

पिंगळी हे परभणी–नांदेड लोहमार्गावरील स्थानकाचे गाव. बाजार, दवाखाना, कॉलेज, कचेरी यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते. रेल्वेच्या वेळा जुळल्या नाहीत तर रस्ता हाच आधार. मराठवाड्यातील अशा रस्त्यांवर एकाच वेळी एसटी, ट्रक, ऑटो, बैलगाडी, शाळेतून परतणारी मुले आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात. धोका निव्वळ वेगाचा नसतो. एकाच पट्ट्यात ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी आणि बैलाच्या चालीने जाणारी गाडी एकत्र असते.

साधे गणित पाहा. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. समोरचा अडथळा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर ३३ मीटर तिथेच संपतात. कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी ३५ मीटरच्या आसपास लागतात. एकूण जवळपास ७० मीटर. रात्री डिपरवर स्पष्ट दिसते ते साधारण ४० ते ५० मीटरपर्यंतच. पुढे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली उभी असेल, तर ती दिसते तेव्हाच उशीर झालेला असतो. तोच वेग ताशी ५० असता, तर गाडी ३५ मीटरच्या आसपास थांबली असती. या ठिकाणी लाल रिफ्लेक्टर पट्टी आणि वेगमर्यादा ही दोनच साधने जीव वाचवतात, आणि दोन्हींना इंटरनेट लागत नाही.

कमानीशिवाय तंत्रज्ञान गावापर्यंत येऊ शकते का?

येऊ शकते, आणि काही भाग आलाही आहे. आयआयटी मद्रास आणि एनआयसी यांनी तयार केलेल्या ‘आयरॅड’ प्रणालीची सुरुवातीची चाचणी ज्या सहा राज्यांत झाली, त्यांत महाराष्ट्र होता. यात पोलीस घटनास्थळी मोबाईलवर अपघाताची नोंद करतात, तीही नेमक्या ठिकाणासह. अशा नोंदी साचल्या की कोणत्या फाट्यावर, कोणत्या वेळी, कोणत्या वाहनांची टक्कर होते हे नकाशावर उमटते.

मात्र राष्ट्रीय महामार्गावरील ‘ब्लॅक स्पॉट’ची व्याख्या कडक आहे : ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. म्हणजे माणसे गेल्यावरच जागा यादीत येते. याला पर्याय नागपूरने पाहिला. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘आयरास्ते’ प्रकल्पात तेथील शहर बसवर कॅमेरे बसवून चालकाला टकरीचा इशारा देण्यात आला. असे इशारे पुन्हा पुन्हा कुठे वाजतात, यावरून अपघात होण्याआधीच धोक्याच्या जागा, म्हणजे ‘ग्रे स्पॉट’, शोधणे हा त्याचा एक हेतू होता. ग्रामीण महाराष्ट्रात रोज त्याच रस्त्याने, त्याच वेळी धावणारे वाहन म्हणजे एसटी. निवडक एसटी बसवर असे कॅमेरे बसले, तर प्रत्येक फाट्यावर कमान उभारण्याची गरज उरणार नाही.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात ग्रामीण चौकांवर आणखी एक पद्धत वापरली गेली. आडव्या रस्त्याने वाहन येताना सेन्सरला कळले की मुख्य रस्त्यावरचा फलक लुकलुकतो. गावाच्या फाट्यासाठी सौरऊर्जेवर चालणारी अशी व्यवस्था विचारात घेण्यासारखी आहे.

अपघात दिसल्यास मोबाईलवरून काय कराल?

– कुठल्याही रस्त्यावर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ही मदतवाहिनी आहे.

– ठिकाण सांगताना गाव, फाटा आणि जवळचा किलोमीटरचा दगड सांगा.

– जखमीला मदत करणाऱ्यावर कायद्याने दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ मध्ये हे संरक्षण आहे.

– गंभीर जखमीला पहिल्या तासात रुग्णालयात पोहोचवणाऱ्यास केंद्राच्या ‘राहवीर’ योजनेत २५ हजार रुपयांचे बक्षीस आहे.

– ५ मे २०२५ रोजी अधिसूचित झालेल्या योजनेनुसार मोटार वाहनाच्या अपघातातील जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडरहित उपचार मिळतात. रस्ता कोणताही असला तरी हा लाभ लागू आहे.

गावाने मागणी कुठे करायची?

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. ग्रामसभेच्या ठरावासह तिच्याकडे तीन गोष्टी मागता येतात : आपल्या रस्त्यावरील अपघातांच्या आयरॅड नोंदी, फाट्यावर वेगरोधक, दिवे व इशाऱ्याचे फलक, आणि गाळप हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक ट्रॉलीवर रिफ्लेक्टरची तपासणी. जालना–नांदेड मार्गावर उद्या कमानी उभ्या राहतील, त्यासाठी निधीही असेल. त्याच निधीतला थोडा वाटा या मार्गाला येऊन मिळणाऱ्या गावरस्त्यांसाठी राखला जाणार का, हे आराखडा ठरत असतानाच विचारायला हवे.