कुठली गोळी, आणि ती थांबणार कुठे?

मागच्या व्याख्यानात आपण ‘प्रमाणशीर बळ’ या कल्पनेपाशी थांबलो होतो. त्यावर नेरुळच्या एका श्रोत्यांचा लेखी प्रश्न आला आहे. वडिलांच्या पश्चात .३१५ बोअरची रायफल रीतसर परवान्यासह त्यांच्या नावावर झाली आहे. घरात वृद्ध आई, दोन लहान मुले. आसपासच्या घरफोड्या ऐकून ते विचारतात, घराच्या रक्षणासाठी या रायफलीत कुठले काडतूस ठेवावे? आज आम्ही एवढाच प्रश्न घेणार आहोत.

आधी काडतूस म्हणजे काय ते बघू. नळीतून बाहेर जाते ती गोळी. गोळी, बारूद, टोपी आणि पितळी टरफल मिळून होते काडतूस. रायफलच्या नळीला आतून आटे असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते आणि लांब जाते. .३१५ ची गोळी ध्वनीच्या दीडपटीहून जास्त वेगाने सुटते. आता गोळीवर तांब्याचे पूर्ण कवच असेल तर ती आकार न बदलता आरपार जाते. टोकाला शिसे उघडे ठेवलेले असेल तर शरीरात शिरताच ती चपटी होते, पसरते, आणि बरीचशी ऊर्जा तिथेच खर्च करते.

ही पसरणारी गोळी मोठी बदनाम आहे, आणि तिचे नाव आपल्याच देशातले. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या शस्त्रशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी ती सैन्यासाठी बनवली. १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्या युद्धात वापरू नयेत अशी घोषणा झाली. हा विचार काही युरोपातच जन्मला असे नाही बरं का! मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात, युद्धात काटेरी फाळाचे, विषारी किंवा जळते बाण वापरू नयेत असा निर्बंध आहे. काटेरी बाण उपसताना मांस फाटते. जखम गरजेपेक्षा क्रूर होते, हाच आक्षेप दोन्हीकडे.

पण घरात हा हिशोब उलटतो. रणांगणावर समोरच्याच्या मागे त्याचेच सैन्य असते. घरात चोराच्या मागे काय असते? दार असते, आणि दारामागे आपले मूल झोपलेले असते. आरपार जाणारी ‘सभ्य’ गोळी इथे जास्त घातक. शरीरात थांबणारी गोळी, चोरासाठी भयंकर असली तरी, तिसऱ्यासाठी बरी. म्हणून अमेरिकेत पोलीस आणि घरमालक पसरणाऱ्या गोळ्याच निवडतात. तिथल्या घरांत आतल्या भिंती बहुधा जिप्समच्या पातळ पत्र्यांच्या असतात, त्यातून जवळपास काहीही पलीकडे जाते. तिकडचा सल्ला त्या भिंतींसाठी लिहिलेला असतो, तो जसाच्या तसा उचलू नये.

आपल्याकडे काय आहे? सिडकोच्या जुन्या इमारतीत विटांची भिंत, नव्या टॉवरमध्ये काँक्रीट किंवा हलके ब्लॉक. वीट बरेच काही अडवते, हे खरे. पण काँक्रीटवरून गोळी उसळू शकते. दारे प्लायवुडची, खिडक्या काचेच्या, आणि समोरच्या इमारतीची गॅलरी इतकी जवळ की तिकडच्या कुकरच्या शिट्ट्या आपण मोजतो. अंगाला न लागता खिडकीतून गेलेली रायफलची गोळी किलोमीटरभर सहज जाते. ती पसरणारी आहे की कवचाची, याने त्या वेळी काही फरक पडत नाही. आणि अंधारात, झोपेतून उठलेल्या माणसाचा नेम चुकतोच.

आता कायदा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. स्वसंरक्षणाचा हक्क तिच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतल्या घरफोडीत हा हक्क, कलम ४१ नुसार, प्रसंगी समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत जातो. पण कलम ३७ ची मर्यादा आहे: पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. दर्शन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली हा हक्क उदारपणे वाचला. घाबरलेल्या माणसाकडून तोळामाशाच्या मापाची अपेक्षा धरता येत नाही.

आमच्या दृष्टीने खरे अवघड कलम आहे ४४, जुन्या दंडसंहितेतले १०६. जिवावरचा हल्ला आहे आणि निरपराध माणसाला धोका पत्करल्याशिवाय बचाव होऊच शकत नाही, तर तो धोका पत्करण्यापर्यंत हक्क जातो. उदाहरण कायद्यातच दिले आहे: जमाव अंगावर आला आहे, जमावात मुले मिसळली आहेत, गोळी चालवली आणि मुलाला लागली, तरी गुन्हा नाही. वाचून पोटात गोळा येतो.

पण ‘धोका पत्करल्याशिवाय होऊच शकत नाही’ हे शब्द नीट ऐका. जमावात सापडलेल्या माणसाने ती परिस्थिती निवडलेली नसते. घरमालकाची गोष्ट वेगळी. तो रात्री दोन वाजता घाबरलेला असतो, कबूल. पण काडतूस त्याने दिवसाढवळ्या, दुकानात उभे राहून, परवान्यावर नोंद करून घेतलेले असते. शेजाऱ्याला असलेला धोका मोठा की लहान हे पुष्कळसे तेव्हाच ठरते. थॉमस अक्वायनसने स्वसंरक्षणाचा विचार करताना हेतू आणि परिणाम वेगळे केले: मला वाचायचे होते, त्याचे मरण हा माझा हेतू नव्हता. मान्य. पण जो परिणाम शांतपणे आधी दिसत होता, त्याला ‘हेतू नव्हता’ एवढे उत्तर पुरत नाही असे आम्हाला वाटते. कोर्ट सोडेल कदाचित. समोरच्या गॅलरीतल्या माणसाला आपण काय सांगणार?

गंमत म्हणजे १९५९ चा शस्त्र कायदा या बाबतीत बराच शहाणा आहे. कलम १३ मध्ये संरक्षणासाठी म्हणून नाव घेतले आहे ते निदान २० इंच लांब, गुळगुळीत नळीच्या बंदुकीचे. म्हणजे व्यवहारात आपली १२ बोअर. .२२ रायफलचा उल्लेख आहे तो क्लबातल्या नेमबाजीसाठी. बाकी शस्त्रांना सबळ कारण दाखवावे लागते. १२ बोअरमधून छर्रे सुटतात. बारीक छर्रे हलके, त्यामुळे लवकर वेग गमावतात आणि दूरवर तितके घातक राहत नाहीत. मात्र एल.जी., एस.जी. हे जाड छर्रे दार सहज फोडतात, आणि खोलीच्या अंतरावर छर्रे फार पसरतही नाहीत, तेव्हा ‘नेम धरायला नको’ हा गैरसमज सोडा.

तर नेरुळच्या श्रोत्यांना आमचे उत्तर असे. .३१५ साठी घरगुती वापराचे योग्य काडतूस नाही. कवचाची घ्या, उघड्या शिशाची घ्या, ही रायफल रानातल्या मोठ्या जनावराच्या मापाची आहे, दोन बेडरूमच्या फ्लॅटच्या नाही. वडिलांची आठवण म्हणून ती परवान्यासह ठेवा, रिकामी, कुलपात. काडतुसे वेगळ्या कुलपात. मुले असलेल्या घरात दुसरा मार्ग नाही. यावर कोणी म्हणेल, मग ती ऐन वेळी हाती कशी येणार? येणार नाहीच. निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितली की तशीही येत नाही.

त्या पैशांत लोखंडी सेफ्टी डोअर, आतून भक्कम कडी असलेली एक खोली, आणि सगळ्यांना पाठ असलेला ११२ हा क्रमांक. तरीही १२ बोअरचा विचार असेल तर अर्ज करण्याआधी एक काम करा. रात्री दिवे मालवून जिथे उभे राहाल असे वाटते तिथे उभे राहा, आणि प्रत्येक दिशेला हात लांब करून विचारा, या रेषेत पुढे कोण झोपते? आई, मुले, भिंतीपलीकडचे शेजारी, समोरची इमारत. एकही मोकळी दिशा सापडली नाही तर अर्जाचा खर्च वाचला. सापडली, तर पुढच्या वेळी आम्हाला लिहा, छर्‍याच्या नंबरावर बोलू.