विश्लेषण : अर्ज भरूनही ‘सबमिट’चे बटण फिकेच का राहते?

जव्हार तालुक्यातील साखरशेतहून कुणी दाखल्यासाठी मजुरीचा दिवस मोडून सेवा केंद्रात येते. केंद्रचालक सगळे रकाने भरतो, पण ‘सबमिट’चे बटण फिकेच. क्लिक लागत नाही आणि चूक कोणती तेही दिसत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार सेवेची मुदत परिपूर्ण अर्ज सादर झाल्यापासून मोजतात. बटणच दाबले गेले नाही, तर ती मुदतही सुरू होत नाही.

बटण उजळते कसे?

संगणकावरील प्रोग्राममध्ये हे बटण सुरुवातीला मुद्दाम बंद ठेवतात. रकान्यातला मजकूर बदलला, की प्रोग्रामला सूचना मिळते. तो मजकूर तपासतो आणि बटण चालू किंवा बंद करतो. जावाच्या ‘स्विंग’मध्ये ही सूचना ‘डॉक्युमेंट लिसनर’ देतो, ‘विंडोज फॉर्म्स’मध्ये ‘टेक्स्टचेंज्ड’. मजकूर खोडल्यावरही तपासणी व्हायलाच हवी, नाहीतर रिकामा अर्ज पुढे जाईल. नुसत्या स्पेस म्हणजे मजकूर नव्हे, हेही प्रोग्रामला सांगावे लागते.

मग अडते कुठे?

नवखे प्रोग्रामर मजकुराऐवजी कीबोर्डवर लक्ष ठेवतात : कळ दाबली, की तपासा. पण माऊसने ‘पेस्ट’ केलेल्या नावासाठी कळ दाबावीच लागत नाही. रकाना भरलेला, बटण झोपलेले!

मराठीत आणखी एक गोम आहे. कीबोर्ड मराठीवर असताना मोबाइल क्रमांक देवनागरी अंकांत उमटला, तर वाचणाऱ्याला तो बरोबरच दिसतो. तपासणीचा नियम मात्र अनेकदा इंग्रजी अंकांपुरता असतो. जावात अंक ओळखणारी नेहमीची खूण एरवी फक्त इंग्रजी अंक मानते. ‘डॉटनेट’मध्ये तीच खूण देवनागरी अंकही स्वीकारते. शिवाय ‘श्री’ हे आपले एक अक्षर युनिकोडमध्ये चार खुणांचे असते. त्यामुळे इंग्रजीच्या हिशेबाने ठरवलेली वीस अक्षरांची मर्यादा मराठी नावाला लवकर संपते.

उपाय काय?

देवनागरी अंक प्रोग्रामने स्वतःच बदलून घ्यावेत, हे फार अवघड नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बटण बंद असल्याचे कारण रकान्याशेजारीच लिहावे : ‘मोबाइल क्रमांकात एक अंक कमी आहे’. तोवर केंद्रचालकाने अंक इंग्रजीत टाकून पाहावेत. पेस्ट केलेल्या रकान्यात एक स्पेस टाकून ती खोडावी. अडचण तीच असेल, तर बटण उजळते.