जी. ए. कुलकर्णी यांच्या कथेतील प्रवास

जी. ए. कुलकर्णी (१९२३-१९८७) यांच्या चरित्रात प्रवासाला फारसे स्थान नाही. एकसंबे येथे जन्म, बेळगावला शिक्षण, त्यानंतर सुमारे तीन दशके धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापन आणि अखेरच्या काळात पुण्यातील वास्तव्य, असा मुख्यत्वे त्यांचा भूगोल. सभासंमेलनांपासूनही ते कटाक्षाने दूर राहिले. 'काजळमाया'ला १९७३ साली मिळालेला साहित्य अकादमीचा पुरस्कार पुस्तकाच्या प्रकाशनकालासंबंधी वाद उद्भवताच त्यांनी परत केला. एकांतप्रिय जी.एं.ची दंतकथा अशा प्रसंगांतून वाढत गेली, आणि तिने त्यांच्या वाङ्मयाचे काहीसे नुकसानच केले, असे म्हणावे लागते. कारण इतक्या स्थिर आयुष्यातून निर्माण झालेल्या कथेत माणसे सतत चालत असतात, या विसंगतीकडे त्यामुळे पुरेसे लक्ष गेले नाही.

जी.एं.च्या कथेची दोन खंडांत विभागणी करण्याची अध्यापनाची रीत आता रूढ झाली आहे. 'निळासावळा' (१९५९), 'पारवा' (१९६०), 'हिरवे रावे' (१९६२) आणि 'रक्तचंदन' (१९६६) हा कौटुंबिक, वास्तवदर्शी खंड. 'काजळमाया'पासून (१९७२) पुढे रूपकात्मक, मिथकसदृश खंड. आणि या दोहोंना जोडणारे सूत्र म्हणून नियतिवाद. परीक्षेच्या उत्तराला ही मांडणी सोयीची आहे, यात शंका नाही. मात्र नियती हा शब्द एकदा उच्चारला की पात्र काय निवडते, हा प्रश्नच विचारावासा वाटत नाही. प्रवासाच्या अंगाने पाहिले तर तो प्रश्न पुन्हा विचारावा लागतो.

आरंभीच्या कथांतही प्रवास आहे, परंतु तो घराच्या संदर्भात आहे. कोणीतरी घर सोडून गेलेले असते, कोणी फार उशिरा परतलेले असते. बेळगाव-धारवाड परिसरातील ही घरे मराठी-कानडी सरमिसळीची आहेत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा प्रदेश म्हैसूर राज्यात गेला, आणि जी.एं.चे सर्व संग्रह त्यानंतरचे आहेत. महाराष्ट्राबाहेर राहून मराठीत लिहिणारा हा लेखक कडेला उभा होता, याची आठवण ठेवणे आवश्यक आहे. सीमाप्रश्नाचे थेट पडसाद त्यांच्या कथेत शोधू नयेत. पण कोणतेही घर पुरते आपले नसण्याची जाणीव मात्र तेथे आरंभापासून आहे.

उत्तरकालीन कथांत घर मागे पडते आणि रस्ताच कथेची रचना ठरवू लागतो. 'रमलखुणा'मध्ये (१९७५) दोनच दीर्घकथा आहेत: 'प्रवासी' आणि 'इस्किलार'. कथेची लांबी का वाढली, याचे उत्तर बरेचसे येथेच सापडते. कौटुंबिक कथेत घटना एका बिंदूकडे ओढल्या जातात. प्रवासात त्या एकीपुढे एक येतात, भेटणाऱ्या प्रत्येकाला बोलण्याचा अवकाश असतो आणि वाटेतला संवाद मुक्कामाइतकाच महत्त्वाचा ठरतो. नवकथेने घट्ट केलेला लघुकथेचा घाट जी.एं.नी असा सैल केला.

'पिंगळावेळ'मधील (१९७७) तीन कथा या दृष्टीने एकत्र वाचाव्यात. 'यात्रिक'मध्ये डॉन किहोटे आणि सँको पांझा येतात. ज्याचा प्रवास जगाने वेडगळ ठरवला, त्यालाच जी.ए. यात्रिक म्हणतात. 'ऑर्फियस'मध्ये मूळ ग्रीक कथेतील मागे वळून पाहणे हा अधीरतेचा प्रमाद राहत नाही, तो जाणून घेतलेला निर्णय होतो. शेवट तोच, पण तेथवर पोचणारा माणूस निराळा. नियतिवादाचे लेबल नेमके येथे अपुरे पडते. 'स्वामी'ची गोष्ट याहून विलक्षण आहे. प्रवासात असलेला एक साधा माणूस मठाच्या जाळ्यात सापडतो, भूमिगत कोठडीत त्याला स्वामी करून ठेवले जाते आणि त्याची वाट तेथे खुंटते. पुढची वाट चालतो तो त्याने वाढवलेला वेल. हवेसाठी ठेवलेल्या मार्गाने तो प्रकाशाकडे जातो. माझ्या मते जी.एं.च्या कथेतील हा सर्वांत दीर्घ प्रवास आहे, आणि त्याचे अंतर हातांनी मोजता येईल एवढेच आहे.

दोन खंडांमधील वर्षांत जी.ए. काय करीत होते, हेही पाहिले पाहिजे. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी कॉनरॅड रिश्टर या अमेरिकन कादंबरीकाराच्या कृती मराठीत आणल्या. 'रान', 'शिवार' आणि 'गाव' ही ओहायोच्या अरण्यात शिरून वस्ती करणाऱ्या कुटुंबाची कथात्रयी. ही भाषांतरे आपल्याकडे लेखकाच्या सूचीत शेवटी नोंदवली जातात आणि तेथेच राहतात. वस्तुतः घर सोडणे आणि अनोळखी प्रदेशात पाय रोवणे याच्या वर्णनासाठी लागणारी मराठी त्यांनी या हजारो ओळींत घडवली असावी, असा माझा तर्क आहे. तो तपासायचा तर भाषांतरांतील अरण्य आणि 'रमलखुणा'तील भूप्रदेश यांची वर्णने शेजारी ठेवून वाक्यावाक्याने वाचावी लागतील. शब्दकळा, क्रियापदांची योजना, निसर्गाला दिलेली विशेषणे यांची तुलना करावी लागेल. आरंभ 'रानातील प्रकाश'पासून करणे सोयीचे होईल. रिश्टरच्या त्या कादंबरीत मूलनिवासींनी वाढवलेला एक गोरा मुलगा कराराच्या अटीमुळे जन्मदात्यांकडे परत पाठवला जातो, तेथून पळतो, आणि अखेरीस दोन्ही घरांना पारखा होऊन रस्त्यावर उभा राहतो.