पोराला न्यायचं कुठे? घर, आशाताई, अलिबाग की थेट मुंबई?

एपिसोड ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा लिहून काढलेला भाग.

आजचा विषय मुलांच्या मनाचा आणि वागण्याचा. मूल सतत चिडतंय, गप्प झालंय, शाळेत जायला नको म्हणतंय, तर दाखवायचं कुठे? आमच्या धरमतरच्या पट्ट्यात, म्हणजे पेण, वडखळ, नागोठणे, रोहा, या प्रश्नाला दोनच उत्तरं मिळतात. एक म्हणजे वय आहे, होईल नीट. दुसरं, मुंबईला मोठ्या डॉक्टरला दाखवा. या दोन्हींच्या मधे चांगल्या चार पायऱ्या आहेत, त्या कोणी सांगतच नाही. आणि मोबाईल तुमच्या हातात आहे, म्हणजे घरात शोधाशोध करणारे ताई-दादा तुम्हीच.

पायरी ठरवताना मूल किती आवाज करतंय ते बघू नका. त्याचं काय थांबलंय ते बघा. झोप, जेवण, शाळा, खेळ, मित्र, यातलं काय बंद पडलं आणि किती दिवस? एक मुलगा घरात आदळआपट करतो, पण शाळेत जातो, क्रिकेट खेळतो, रात्री शांत झोपतो. एक मुलगी कोणाला काही त्रास देत नाही, पण महिनाभर मैत्रिणींकडे गेली नाही, ताटात निम्मं टाकून उठते. आपण पहिल्याला घेऊन धावतो. मला विचाराल तर आधी दुसरीकडे बघायला हवं.

चार-पाच दिवसांची कुरकुर असेल, चाचणी परीक्षा जवळ असेल, मित्राशी भांडण झालं असेल, तर घर आणि वर्गशिक्षक पुरतात. झोपेची वेळ, मोबाईलची वेळ आणि रोज थोडं शांत ऐकून घेणं, एवढं करा. दोन आठवडे झाले आणि बहुतेक दिवस तसंच चाललंय, तर एक पायरी वर जा.

ती पायरी म्हणजे फोन. टेली-मानस, नंबर १४४१६. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. आधी समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर पुढे तज्ज्ञांकडे जोडून देतात. मला ही पायरी आवडते, कारण एसटीचं भाडं नाही, मजुरी बुडत नाही आणि वेटिंग रूममध्ये गावातलं कोणी भेटत नाही. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन आरोग्याचं ‘मैत्री’ क्लिनिकही असतं. तुमच्याकडे कधी भरतं ते आशाताईंना विचारा.

लहान मुलांचा हिशोब मात्र वेगळा. तिथे दोन आठवड्यांचा नियम लावू नका. दोन वर्षांचं झालं तरी मूल दोन शब्द जोडत नाही, हाक मारली तर बघत नाही, किंवा बोलायला लागलेले शब्द पुन्हा गेले, तर ‘बापही उशिराच बोलला होता’ हे पुरे. आधी कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत. डॉक्टरांचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. तिथे शंका आली तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मिळते. वाचा, कान, हालचाल, वागणूक हे सगळं एका छपराखाली बघावं, अशी त्या केंद्राची कल्पना आहे. कागदावर छान आहे. पण पेण-रोह्याच्या वाड्यांवरची कातकरी कुटुंबं पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर जातात. पथक येतं तेव्हा ती मुलं पटावर असतात, वर्गात नसतात.

त्याच्या वरची पायरी मानसोपचारतज्ज्ञ. आपल्यासाठी अलिबागचं जिल्हा रुग्णालय. शाळा सुटल्यातच जमा आहे, भीतीने घराबाहेर पडत नाही, वजन उतरतंय, कोणी नसताना आवाज ऐकू येतात, तर फोनवर अडकून राहू नका. आणि हो, मूल मधेच काही क्षण हरवल्यासारखं बघत राहतं, हाकेला उत्तर देत नाही, तर ते ‘लक्ष नाही’ नसून फिट असू शकते. ‘अंगात येतं’ म्हणून भगताकडे नेलेल्या पोरांतही हे निघतं. घरच्यांची श्रद्धा असेल तर तिच्याशी भांडू नका, पण तपासणी त्याच आठवड्यात करा.

मुंबई कधी? निदान अडलं, औषध लागू पडत नाही, किंवा अलिबागच्या डॉक्टरांनीच चिठ्ठी दिली तर. केईएम, सायन, नायर इथे मानसोपचार विभाग आहेत. पण दर आठवड्याला रोह्याहून पहाटेची गाडी पकडून जाणं किती महिने जमेल? सुरू करून तिसऱ्या वेळी सोडलेल्या उपचारापेक्षा जवळचा, टिकणारा उपचार बरा. निदान मुंबईला आणि पुढची भेट अलिबागला, असंही डॉक्टरांना विचारता येतं.

आता भरती. ‘ठाण्याला टाकीन’ ही धमकी आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ चं आहे, आणि ती धमकीही बहुतेक तेवढीच जुनी. प्रत्यक्षात २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अठराच्या आतल्या मुलाला भरती करणं मुद्दाम अवघड केलंय. मानसोपचारतज्ज्ञासह दोघांनी स्वतंत्रपणे तपासायचं, मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं, पालकाने किंवा नेमलेल्या व्यक्तीने पूर्ण वेळ सोबत राहायचं आणि ७२ तासांत मंडळाला कळवायचं. म्हणजे पोराला तिथे ‘टाकून’ येता येत नाही.

एका बाबतीत मात्र सगळ्या पायऱ्या सोडा. मूल मरणाचं बोलतंय, स्वतःला इजा करतंय, तर सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. शेतीचं औषध, गोळ्या, दोर कुलपात ठेवा. मुलाला एकटं सोडू नका. काही करून बसलं असेल तर १०८, आणि जवळचं कोणतंही रुग्णालय. घरातलंच कोणी मारतंय, छळतंय असं कळलं तर १०९८.

डॉक्टरांकडे जाताना मोबाईलमध्ये दोन आठवड्यांची नोंद न्या. किती झोपलं, काय खाल्लं, शाळेला किती दिवस गेलं, कशाने बिनसलं. दोन ओळी रोज पुरतात. फक्त मुलासमोर ती यादी मोठ्याने वाचू नका. आधी डॉक्टरांना तेवढा स्क्रीन दाखवा.