सॉक्रेटीस तुरुंगांतून पळाला कां नाहीं?

विद्यार्थिमित्रांनो, क्षणभर अशी कल्पना करा. वर्गाच्या खिडकीची कांच एका मुलाकडून फुटली आणि शिक्षा मात्र दुसऱ्यास झाली. त्यानें खरें काय तें सांगून पाहिलें. पण कोणास पटलें नाहीं. शाळा सुटल्यावर तासभर वर्गांत बसून राहावें, अशी त्यास आज्ञा झाली. तो बसला असतां त्याचा जिवलग मित्र दाराशीं आला व हळूच म्हणाला, "शिपाई माझ्या ओळखीचा आहे. मागचें दार उघडें आहे. शिक्षाच जर अन्यायाची, तर ती चुकविण्यांत पाप कसलें?" त्या मुलानें काय करावें बरें?

प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु सुमारें २४०० वर्षांपूर्वीं ग्रीस देशांतील अथेन्स नगरांत हाच प्रश्न एका ७० वर्षांच्या वृद्धापुढें उभा राहिला होता, आणि त्याच्या उत्तरावर त्याचा प्राण अवलंबून होता. त्या वृद्धाचें नांव सॉक्रेटीस, त्याच्या मित्राचें नांव क्रिटो, आणि त्या दोघांचें संभाषण ज्यांत आहे त्या लहानशा ग्रंथाचें नांवहि 'क्रिटो' हेंच. प्रस्तुत लेखांत त्याच संभाषणाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम हे ग्रंथ कोणत्या प्रकारचे आहेत, तें पाहूं. सॉक्रेटिसानें स्वतः एकहि पुस्तक लिहिलें नाहीं. बाजारांत, व्यायामशाळेंत, मित्राच्या घरीं, जेथें माणसें भेटतील तेथें तो त्यांच्याशीं बोलत बसे. पुढें त्याचा शिष्य प्लेटो ह्यानें अशा संभाषणांस नाटकासारखें रूप देऊन ग्रंथ रचिले. त्यांस संवाद म्हणतात. गुरुशिष्यांचे संवाद आपल्याकडेहि पुष्कळ आहेत. त्यांत बहुधा शिष्य विचारतो व गुरु सांगतो. येथें प्रकार उलट आहे. सॉक्रेटीस विचारतो व दुसऱ्यानें उत्तर द्यावयाचें असतें. 'लॅकीझ' नांवाच्या संवादांत शौर्य म्हणजे काय, असें तो दोन सेनापतींस विचारतो, आणि रणांगण पाहिलेल्या त्या वीरांस शौर्याची व्याख्या कांहीं केल्या साधत नाहीं. 'युथिफ्रो' ह्या संवादांत स्वतःच्या बापावर खटला भरावयास निघालेला एक मनुष्य आपण पुण्यकृत्यच करीत आहों, असें सांगतो. तेव्हां पुण्य म्हणजे तरी काय, ह्या प्रश्नानें सॉक्रेटीस त्यास कुंठित करतो. जें आपण रोज करतों तें योग्य कां आहे, हें ज्याचें त्यास सांगतां यावें, एवढीच त्याची अपेक्षा होती.

अशा प्रश्नांनीं त्यास मित्र मिळाले, तसे शत्रूहि मिळाले. इ. स. पूर्वीं ३९९ ह्या वर्षीं मेलीटस, ॲनायटस व लायकॉन ह्या तिघांनीं त्याजवर फिर्याद केली. नगराच्या देवांस तो मानीत नाहीं, नवीं दैवतें आणतो व तरुणांस बिघडवितो, असा आरोप होता. न्याय करावयास चिठ्ठ्या टाकून निवडलेले सुमारें ५०० नागरिक बसले होते. बहुमतानें तो दोषी ठरला. ३० मतें इकडचीं तिकडे झालीं असतीं तर तो सुटला असता, असें प्लेटोनें लिहिलेल्या त्याच्या बचावाच्या भाषणांत म्हटलें आहे. शिक्षा देहान्ताची झाली. परंतु त्याच वेळीं अथेन्सचें पवित्र गलबत डीलॉस बेटाच्या यात्रेस निघालें होतें, आणि तें परत येईपर्यंत नगरांत कोणासहि देहान्त शिक्षा द्यावयाची नाहीं असा नेम होता. त्यामुळें सॉक्रेटिसास सुमारें महिनाभर तुरुंगांत राहावें लागलें.

गलबत येण्याच्या बेतांत असतां एके दिवशीं उजाडण्यापूर्वींच क्रिटो तुरुंगांत आला. पाहतो तों सॉक्रेटीस गाढ झोपलेला! त्यास न उठवितां तो जवळ बसून राहिला. जाग आल्यावर मात्र त्यानें आपलें मन मोकळें केलें. पैसा तयार आहे, थीब्जहून आलेला सिमिअस आणखी देण्यास सिद्ध आहे, आणि थेसली प्रांतांत राहण्याची सोय होईल, असें त्यानें सांगितलें. आम्ही पैशाच्या लोभानें मित्रास वांचविलें नाहीं असें लोक म्हणतील, हें त्याचें पहिलें दुःख. तीन मुलांस वाढविण्याचें कर्तव्य सॉक्रेटीस अर्ध्यावर टाकीत आहे, हा त्याचा दुसरा आक्षेप. आणि सुटणें शक्य असतां मरण पत्करणें म्हणजे शत्रूंच्याच मनासारखें करणें होय, हा तिसरा. वाचकहो, ह्यांतील एकहि मुद्दा टाकाऊ नाहीं. आपला मित्र अशा संकटांत असता तर आपणहि हेंच बोललों असतों.

सॉक्रेटिसानें प्रथम लोकापवादाचा मुद्दा घेतला. शरीर कमावणाऱ्या मनुष्यानें कोणाची स्तुति किंवा निंदा मनावर घ्यावी? रस्त्यानें जाणाऱ्या सर्वांची, कीं वैद्याची व वस्तादाची? जाणत्यास सोडून गर्दीचें ऐकलें तर शरीर बिघडतें. त्याचप्रमाणें न्यायान्यायाच्या बाबतींत अजाणांचें ऐकलें तर मनुष्याचा जो अंश न्यायानें सुधारतो व अन्यायानें बिघडतो, तो नासतो. आणि तो अंश शरीराहून हलका खास नव्हे. लोक प्राण घेऊं शकतात हें खरें. पण तेवढ्यानें त्यांचें मत बरोबर ठरत नाहीं. नुसतें जगण्यापेक्षां चांगल्या रीतीनें जगणें मोलाचें, हें तत्त्व दोघांसहि पूर्वींपासून मान्य होतें. तेव्हां पैसा, लौकिक व मुलांचें पालन हे विचार तूर्त बाजूस ठेवून एकच प्रश्न विचारावयाचा: पळून जाणें न्याय्य आहे कीं नाहीं?

ह्यानंतर संवादाचा गाभा येतो. अन्याय करणें जर कधींहि चांगलें नाहीं, तर आपणांवर अन्याय झाला असतांहि त्याची फेड अन्यायानें करणें चांगलें ठरणार नाहीं, असें सॉक्रेटीस म्हणतो. मित्रांचें बरें करावें व शत्रूंचें वाईट करावें, ह्यांतच पुरुषार्थ आहे, असा त्या काळच्या ग्रीक लोकांचा सर्वसाधारण समज होता. त्यामुळें हें म्हणणें किती नवें होतें, तें ध्यानांत येईल. हें मत थोड्यांनाच पटतें, असें तो क्रिटोस बजावतो, आणि मनास पटत नसेल तर होकार देऊं नये, अशी त्यास विनंति करतो. क्रिटो पूर्ण विचारानें होकार देतो.

मग पळून जाण्यानें कोणाचें वाईट होतें? येथें सॉक्रेटीस एक चमत्कारिक युक्ति योजतो. अथेन्सचे कायदेच जणूं मूर्तिमंत होऊन पुढें उभे राहिले आहेत, अशी कल्पना करून तो त्यांस बोलावयास लावतो. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें. सॉक्रेटिसाच्या आईबापांचें लग्न व त्याचें शिक्षण कायद्यांच्या आधारानेंच झालें. नगर न आवडल्यास आपली चीजवस्तु घेऊन कोठेंहि जाण्याची प्रत्येक नागरिकास मोकळीक होती. पण सैन्याबरोबर जाणें सोडल्यास सॉक्रेटीस क्वचितच बाहेर पडला. येथेंच त्याचा संसार झाला. खटल्याच्या वेळीं हद्दपारीची शिक्षा मागून घेतां आली असती, तीहि त्यानें मागितली नाहीं. कायद्यांचें चुकत असेल तर त्यांची समजूत घालावी, नाहीं तर त्यांचें ऐकावें, असा हा न बोललेला करार होता. न्यायालयाचे निकाल ज्याच्या त्याच्या मर्जीनें रद्द होऊं लागले तर नगर टिकेल काय? शेवटीं कायदे असेंहि कबूल करतात कीं, सॉक्रेटिसावर अन्याय झाला आहे. पण तो माणसांनीं केला आहे, कायद्यांनीं नव्हे. ह्यावर क्रिटोस कांहींच बोलतां येत नाहीं.

येथें एखादा चौकस विद्यार्थी विचारील कीं, सत्तेची प्रत्येक आज्ञा निमूटपणें पाळावी असें सॉक्रेटिसाचें मत होतें काय? त्याचें चरित्र पाहिलें म्हणजे तसें दिसत नाहीं. इ. स. पूर्वीं ४०६ मध्यें आर्जिन्यूसीच्या आरमारी लढाईंत अथेन्सचा जय झाला. परंतु वादळामुळें बुडणाऱ्या खलाशांस वांचवितां आलें नाहीं. संतापलेल्या लोकांनीं सर्व सेनापतींचा निकाल एकाच मतदानानें लावण्याचें ठरविलें. हें कायद्याविरुद्ध होतें. सभेचें काम चालविणाऱ्या मंडळांत तेव्हां सॉक्रेटीस होता. सभोंवार आरडाओरड चालली असतां त्यानें विरोध केला. पुढें अथेन्सचा पराभव होऊन इ. स. पूर्वीं ४०४ मध्यें तीस जुलमी पुरुषांची सत्ता आली. सॅलॅमिस येथील लिऑन नांवाच्या गृहस्थास वधासाठीं पकडून आणावें, असा हुकूम त्यांनीं सॉक्रेटिसास व आणखी चौघांस केला. चौघे गेले, सॉक्रेटीस सरळ आपल्या घरीं गेला. आणि स्वतःच्या खटल्यांतहि, तत्त्वचिंतन सोडण्याच्या अटीवर सुटका मिळत असली तर ती नको, असें त्यानें स्पष्ट सांगितलें.

ह्या वागणुकींत वरवर विरोध दिसतो, पण तिचें सूत्र एकच आहे. लिऑनला पकडणें म्हणजे स्वतः अन्याय करणें. तें त्यानें नाकारलें. विषाचा प्याला घेणें म्हणजे अन्याय सोसणें. तें त्यानें पत्करलें. अन्याय सोसण्यापेक्षां अन्याय करणें अधिक वाईट, हें मत त्याच्या तोंडीं 'गॉर्जिअस' ह्या संवादांतहि आलें आहे.

तथापि क्रिटोचे सगळे आक्षेप मिटले असें म्हणतां येत नाहीं. मुलांस मित्र सांभाळतील, असें कायदे म्हणतात; पण बापाची उणीव मित्र भरून काढतील काय? शिवाय सर्वच शहाण्यांनीं हा मार्ग धरला नाहीं. प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल ह्याच्यावरहि इ. स. पूर्वीं ३२३ मध्यें, अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर, अथेन्समध्यें देवनिंदेचा आरोप आला. तेव्हां तो नगर सोडून कॅल्सिस येथें गेला व पुढील वर्षीं तेथेंच वारला. त्यास भित्रा म्हणावें काय? तो अथेन्सचा नागरिक नव्हता, आणि निकाल लागून पळालेला कैदीहि नव्हता. सॉक्रेटिसास बांधणारा करार त्यास तसाच लागू पडत नाहीं. म्हणजे निघून जाणें नेहमींच वाईट, असा सोपा नियम ह्या संवादांतून काढतां येणार नाहीं. आपण कोणास कोणतें वचन देऊन बसलों आहों, हें प्रत्येक वेळीं पाहावें लागतें.

हा प्रश्न ग्रीसपुरताच राहिला नाहीं. १९०८ मध्यें दक्षिण आफ्रिकेंत असतां महात्मा गांधींनीं सॉक्रेटिसाच्या बचावाच्या भाषणाचा गोषवारा 'इंडियन ओपिनियन' पत्रांत गुजराथींत प्रसिद्ध केला व त्यास सत्यवीर म्हटलें. १९२२ मध्यें अहमदाबाद येथें त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हां त्यांनीं आरोप कबूल केला आणि कायद्याप्रमाणें देतां येईल तेवढी कठोर शिक्षा मागितली. अन्यायास आपला हात लावावयाचा नाहीं, पण त्याबद्दल होणारी शिक्षा उघडपणें सोसावयाची, ही वृत्ति सॉक्रेटिसाच्या वृत्तीशीं किती जवळची आहे!

आतां वर्गांत बसलेल्या त्या मुलाकडे वळूं. तो मागच्या दारानें गेला तर उद्यां त्या ओळखीच्या शिपायास जाब द्यावा लागेल, ही गोष्ट मित्राच्या ध्यानांत आली नव्हती. कायद्यांनींहि सॉक्रेटिसास हेंच बजाविलें होतें कीं, तूं पळालास तर तुझ्या मित्रांवर हद्दपारीची पाळी येईल. तेव्हां त्या मुलानें तासभर बसावें हेंच बरें. परंतु समजूत घालण्याचा हक्क कायद्यांनींच दिला आहे, हें त्यानें विसरूं नये. दुसरे दिवशीं गुरुजींकडे जाऊन खरी हकीकत त्यानें पुन्हां एकदां शांतपणें सांगावी; आणि दुसऱ्या कोणावर खोटा आळ घेण्यास त्यास कोणीं सांगितलें तर मात्र, सांगणारा कितीहि मोठा असो, त्यानें तें साफ नाकारावें.

पालकांसहि एक विनंति आहे. मुलानें "कां?" असें विचारलें तर तो उद्धटपणा समजूं नये. मरण दोन दिवसांवर आलें असतांहि सॉक्रेटिसानें क्रिटोस गप्प बसविलें नाहीं. त्याचें सर्व म्हणणें ऐकून घेतलें आणि मग एकेका प्रश्नाचा त्याच्याबरोबर बसून विचार केला. त्या अंधाऱ्या पहांटे तुरुंगांत जें घडलें, तें आपल्या घरीं दिव्याशेजारीं घडावयास कोणती अडचण आहे?