छायेतले पीक : चिखलदऱ्याची कॉफी

धानाच्या बांधीच्या पाळीवर आंबा आणि मोह राखण्याची चाल गोंदिया जिल्ह्यात इतकी जुनी आहे की शेतात झाड असणे येथील कुटुंबांस स्वाभाविकच वाटते. परंतु ज्या पिकाची प्रकृती वृक्षच्छायेतच खऱ्या अर्थाने खुलते ते पाहावयाचे असेल, तर याच विदर्भाच्या वायव्य भागात, मेळघाटातील चिखलदऱ्यास गेले पाहिजे.

ज्या गाविलगडावर १८०३ साली इंग्रज सेनापती वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, त्याच्या शेजारचे हे पठार १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सनच्या दृष्टीस पडले आणि पुढे वऱ्हाडच्या अंमलदारांचे उन्हाळी ठाणे झाले. कॉफीची लागवडही इंग्रजी अमदानीतली. मरियमपूरच्या ख्रिस्ती वस्तीने ती आजवर जपली. गोंदियाची भूमी समुद्रसपाटीपासून जेमतेम हजार फूट, तर हे पठार सुमारे ३,६०० फूट. वैशाखात खाली वऱ्हाड होरपळत असताना येथे जो गारवा असतो, त्याच्याच आधारावर हे कोमल झुडूप तग धरते.

मात्र केवळ उंची पुरेशी नाही. अरेबिका कॉफी ही मूळची इथिओपियाच्या अरण्यातील, मोठ्या वृक्षांच्या तळाशी वाढणारी वनस्पती. सूफी संत बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात येमेनच्या मोख्याहून सात बिया चिकमगळूरच्या डोंगरात आणल्या अशी आख्यायिका आहे, परंतु बियांबरोबर छायेची गरजही इकडे आली. वरच्या फांद्या उन्हाची तीव्रता सौम्य करतात, गळलेला पाला मुळांशी ओल राखून पुढे खत होतो, आणि मंद प्रकाशात फळ सावकाश पिकल्यामुळे बी भरदार होते. कर्नाटकातील कोडगूत कॉफीच्याच मळ्यांत संत्री लावतात, सावलीच्या झाडांवर मिऱ्याचे वेल चढवतात, आणि एका पिकाचा भाव पडला तरी कुटुंबाचा निर्वाह दुसऱ्यावर होतो. संत्री तर चिखलदरा ज्यात येते त्या अमरावती जिल्ह्याच्या घरचीच, तेव्हा हाच मेळ येथेही जमण्याजोगा आहे. म्हणून चिखलदऱ्याच्या लहान बागांकडे केवळ नवलाई म्हणून पाहणे मला अन्यायाचे वाटते.

गोंदियाहून मुंबईकडच्या गाडीने बडनेऱ्यास उतरून अमरावती, परतवाडा या मार्गे घाट चढावा. पावसाळ्यात धुक्यासाठी गर्दी होते. पण कॉफीसाठी जाणाऱ्याने हिवाळा निवडावा, कारण फांद्यांवरची हिरवी फळे लाल होतात ती तेव्हा.