सांगून सांगून दमलेली माणसं

घरातली बाई म्हणजे घराचं चौकशी-खातं, हे मी तुम्हांला नव्यानं सांगायला नको. विजेचं बिल कुठं ठेवलंय, सासूबाईंची कोणती गोळी सकाळची अन् कोणती रात्रीची, धाकट्याच्या शाळेत पालकसभा कधी, सगळी उत्तरं तिच्याकडे. या उत्तरांना पगार नाही आणि हेही एक काम आहे, असं कोणाच्या ध्यानीमनी नसतं. आता समजा, घरच्या चार माणसांऐवजी सगळा गावच उठून विचारू लागला, आणि प्रश्न बिलाचा नसून "तुमच्या आजीला लहानपणी आईपासून कसं हिसकावून नेलं, ते जरा सांगा ना" असा असला तर?

ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे ॲबोरिजिनल लोकांच्या वाट्याला नेमकं हेच येतं. त्यांच्यातले कितीतरी शिक्षक, परिचारिका, कचेरीत काम करणारी माणसं आता उघडपणे म्हणू लागली आहेत की आम्ही सांगून सांगून थकलो. या थकव्याच्या कारणाला तिकडे 'कल्चरल लोड' असं नावही पडलं आहे. आपण त्याला सांस्कृतिक ओझं म्हणू या.

तुम्ही म्हणाल, इतक्या लांबच्या लोकांचं आपल्याला काय? पण ऑस्ट्रेलिया आता आपल्याला लांब राहिलेला नाही. पुण्या-मुंबईचीच काय, सांगली-जळगावकडची मुलंसुद्धा सिडनी-मेलबर्नला स्थायिक झाली आहेत. लेकीच्या बाळंतपणाला म्हणून आई चार-सहा महिने राहून येते. येताना तिथल्या स्वच्छ रस्त्यांच्या, मेलबर्नच्या ट्रामच्या गोष्टी आणते. पण ती जमीन मुळात कोणाची, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. लेकीच्या ऑफिसात त्या लोकांपैकी एखादी असली, की साहजिकच वाटतं, हिलाच विचारावं की! मनात वाईट काहीच नसतं. पण मेख आहे ती इथंच.

शंभरांत चार

ॲबोरिजिनल लोक त्या भूमीवर पन्नास-साठ हजार वर्षांपासून तरी राहत आहेत. २६ जानेवारी १७८८ या दिवशी इंग्रजांनी सिडनीच्या बंदरात आपलं निशाण रोवलं. त्या वेळी त्या खंडात अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. उत्तरेकडच्या टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरचे लोक तर आणखी निराळे. म्हणजे "तुम्ही लोक काय खाता, काय मानता?" हा प्रश्न "भारतातले लोक काय खातात?" असं विचारण्यासारखाच झाला. मालवणच्या बाईला कोणी काश्मीरकडच्या लग्नाच्या चालीरीती विचारल्या, तर ती बिचारी काय सांगणार? पण सिडनीत वाढलेल्या ॲबोरिजिनल मुलीनं मात्र दूर वाळवंटातल्या लोकांबद्दलही घडाघडा सांगावं, अशी अपेक्षा असते.

शिवाय सगळंच चारचौघांत सांगण्याजोगं नसतं. त्यांच्या अनेक समाजांत काही ज्ञान फक्त बायकांचं, काही फक्त पुरुषांचं, आणि काही वडीलधाऱ्यांनीच सांगायचं असा दंडक आहे. "हे सांगायचा मला अधिकार नाही" असं कोणी म्हटलं, की ऐकणाऱ्याला वाटतं, काय तुसडी बाई आहे!

२०२१ च्या आकडेवारीप्रमाणे ही दोन्ही मंडळी मिळून ऑस्ट्रेलियाच्या लोकसंख्येत शेकडा ३.८ आहेत. शंभरांत पुरते चारसुद्धा नाहीत. शहाण्णवांनी विचारायचं आणि चौघांनी उत्तरं द्यायची! आपण बापडे एकदाच विचारतो. पण तिच्या लेखी आपण त्या आठवड्यातले पाचवे असतो.

पुस्तकात गाळलेला धडा

मग या शहाण्णवांना माहीत का नाही? कारण त्यांना शिकवलंच नाही. १९६८ साली स्टॅनर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञांनी आकाशवाणीवर व्याख्यानं दिली. देशाच्या इतिहासाच्या पुस्तकांतून मूळ रहिवासी गायबच आहेत, हे त्यांनी दाखवून दिलं, आणि त्याला त्यांनी ऑस्ट्रेलियाचं 'महामौन' म्हटलं. इंग्रज आले तेव्हा ही जमीन कायद्यानं कोणाच्याच मालकीची नव्हती, असं तिथं पिढ्यान् पिढ्या धरून चालले होते. ३ जून १९९२ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो समज खोडून काढला. टोरेस बेटांवरचे एडी माबो यांनी हा लढा दहा वर्षं लढवला, आणि निकालाच्या काही महिने आधीच त्यांचं निधन झालं.

मी अर्धवेळ का होईना, वर्गात शिकवते. त्यामुळे एक अनुभव आहे. पुस्तकात गाळलेल्या धड्याची भरपाई शेवटी कोणाला तरी तोंडी करावी लागते. तिकडे ती ॲबोरिजिनल माणसांच्या गळ्यात पडली. २०११ साली तिथं शिक्षकांसाठी जी राष्ट्रीय मानकं ठरली, त्यांत मूळ रहिवाशांचा इतिहास, संस्कृती, भाषा यांची जाण प्रत्येक शिक्षकाला हवी असं स्पष्ट म्हटलं आहे. प्रत्येक शिक्षकाला, बरं का! पण प्रत्यक्षात शाळेत एखादी ॲबोरिजिनल शिक्षिका असली, की सगळे तिच्याकडे वळतात. विषय तिचा गणित असेना का, धडा तिनं तपासून द्यायचा, भिंतीवरचा तक्ता तिनं सांगायचा, कार्यक्रमाला वक्ता तिनंच शोधायचा. आणि गणिताच्या वह्या? त्या रात्री घरी.

दिवसच दिवस

कचेऱ्यांतही तीच तऱ्हा. त्यांच्या कॅलेंडरात असे दिवस बरेच. २६ जानेवारी, म्हणजे इतरांचा राष्ट्रीय दिवस आणि यांच्या लेखी शोकाचा. २६ मेला 'सॉरी डे'. २७ मे ते ३ जून सलोख्याचा आठवडा. जुलैत पुन्हा त्यांच्या संस्कृतीचा आठवडा. प्रत्येक वेळी ऑफिसात चहा आणि केक असतो, आणि "तू दोन शब्द बोल ना!" हा आग्रह असतो. केक सगळ्यांसाठी, बोलायचं काम मात्र एकटीचं.

२००६ पासून तिथल्या संस्था आणि कंपन्या 'सलोखा आराखडे' लिहून काढतात. मूळ रहिवाशांसाठी आम्ही काय करू, याची ती वचनं. त्यासाठी समिती नेमली जाते, आणि त्या समितीवर कोण, हे सांगायला हवं का? हिशेबनीस म्हणून लागलेल्या मुलीचं हिशेबाचं काम त्यामुळे काही कमी होत नाही. बढतीच्या वेळी समितीचे तास कोणी मोजत नाही.

हे नुसतं बोलणं नाही. २०२० साली 'गारी याला' नावाचा एक अहवाल निघाला. विराजुरी या तिथल्या भाषेत त्याचा अर्थ 'खरं बोला'. नोकरी करणाऱ्या १,०३३ मूळ रहिवाशांना त्यात विचारलं होतं. त्यांतल्या शेकडा ३९ जणांवर हे ओझं फार असल्याचं दिसलं. ओझं म्हणजे आपलं काम सांभाळून वरचं काम, आणि इतरांना शिकवत राहण्याची अपेक्षा.

प्रश्नाच्या पोटातलं दुखणं

नुसत्या कष्टाचा प्रश्न असता तरी एक वेळ चाललं असतं. पण काही प्रश्न सुईसारखे असतात. "तू अगदी पूर्ण ॲबोरिजिनल की अर्धी?" हा त्यांतला एक. विचारणाऱ्याला तो साधा वाटतो. पण सरकारी दप्तरात हीच मोजणी पूर्वी होत असे. रक्त अर्धं की पाव, हे पाहून पोरं आईपासून नेली जात. साधारण १९१० ते १९७० या काळात अशी असंख्य मुलं संस्थांत आणि गोऱ्या कुटुंबांत नेऊन ठेवली. १९९७ च्या चौकशी अहवालानं अंदाज दिला, की दहांत एक ते तिनांत एक इतकी मुलं अशी हिरावली गेली. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत जाहीर माफी मागितली. ही काही पणजोबांच्या काळची गोष्ट नव्हे. नेलेली ती मुलं आज आजी-आजोबा आहेत. जिला आपण "जरा सांग ना" म्हणतो, तिच्या घरातच ती आजी बसलेली असते.

आणि सांगून झाल्यावर काय होतं? कधी ऐकणारीच रडू लागते, मग सांगणाऱ्यानंच तिला पाण्याचा पेला द्यायचा. कधी समोरून येतं, "छे, इतकं काही झालं नसेल!" म्हणजे दुःखही सांगायचं आणि वर पुरावाही द्यायचा.

ॲडम गुड्स या नामवंत फुटबॉलपटूची हकीकत पाहा. मे २०१३ मध्ये मूळ रहिवाशांच्या सन्मानासाठी खास ठेवलेल्या सामन्यांच्या फेरीतच, प्रेक्षकांतल्या एका तेरा वर्षांच्या मुलीनं त्याला 'एप', म्हणजे माकडाच्या जातीचं नाव घेऊन हिणवलं. दुसऱ्या दिवशी तो काय म्हणाला? तिला दोष देऊ नका, तिला आधार द्या. अपमान त्याचा, आणि देशाला समजावायचं कामही त्याचंच! २०१४ साली त्याला 'वर्षातला ऑस्ट्रेलियन' हा मोठा सन्मान मिळाला. तो या विषयावर बोलत राहिला, तशी मैदानात त्याची हुर्यो वाढत गेली. शेवटी २०१५ साली त्यानं खेळ सोडला. फुटबॉलच्या संघटनेनं माफी मागितली, ती २०१९ साली.

१४ ऑक्टोबर २०२३ रोजी तर अख्ख्या देशानं मतदान केलं. मूळ रहिवाशांचं म्हणणं संसदेपर्यंत नेणारं एक मंडळ घटनेत असावं का, हा प्रश्न होता. त्याआधी कित्येक महिने यांना रस्त्यात, दुकानात, कामावर एकच विचारणा. शेकडा साठ लोकांनी 'नाही' म्हटलं. निकालानंतर त्यांच्या अनेक पुढाऱ्यांनी आठवडाभर मौन पाळण्याचं जाहीर केलं. इतकं सांगून झाल्यावर त्यांनी गप्प बसावं, यात नवल ते काय?

मग विचारायचंच नाही का?

असं कोण म्हणतं? त्यांच्यातले कितीतरी वडीलधारे आपण होऊन, आनंदानं सांगतात. शिकवणं हेच त्यांनी आपलं काम मानलं आहे. ते ऐकायला जरूर जावं. आपखुशीनं सांगणं वेगळं आणि दर वेळी गृहीत धरलं जाणं वेगळं. हा फरक आपल्याला कळायला काही जड नाही. पाहुण्यांना आवडीनं पुरणपोळी करून घालणं आणि "चार माणसं जेवायला आणतोय" असा ऐन वेळी निरोप येणं, या दोन्हींत पोळी तीच असते, पण बाईचा जीव तोच असतो का?

तुमची मुलं तिकडे असतील, किंवा तुमचं स्वतःचं जाणं होणार असेल, तर एवढं लक्षात ठेवा:

– आधी आपण वाचावं. कॅनबेरात १९६४ पासून मूळ रहिवाशांच्या अभ्यासाची मोठी राष्ट्रीय संस्था आहे. त्यांची स्वतःची दूरदर्शन वाहिनी, एनआयटीव्ही, घरबसल्या फुकट दिसते. गावच्या ग्रंथालयातही पुस्तकं असतात.

– रक्त किती, रंग असा कसा, सरकार तुम्हांला काय काय देतं, हे प्रश्न तोंडातून काढू नयेत.

– कार्यक्रमाला बोलवायचं, तर मानधन आधी ठरवावं. 'वेलकम टू कंट्री' म्हणजे त्या भूमीच्या वारसांनी पाहुण्यांचं केलेलं स्वागत. भटजींना दक्षिणा देताना आपण कुठं का-कू करतो?

– वडील माणसांना तिथं 'आँटी', 'अंकल' म्हणतात, अगदी आपल्या मावशी-काकांसारखं. पण तो मान आहे. त्यांनी किंवा त्यांच्या माणसांनी सांगितल्यावर मगच म्हणावं.

– "आज नको" असं उत्तर आलं, तर तेही उत्तरच. मनात अढी धरू नये. त्यांच्यात मृत्यू लवकर येतो. सरासरी आयुष्य इतरांहून आठ वर्षांहून अधिक कमी आहे. ती कालच कोणाच्या तरी अंत्यविधीहून आलेली असू शकते.

– आणि सगळ्यांत महत्त्वाचं: आपल्यातल्याच कोणी वेडावाकडा प्रश्न विचारला, तर उत्तर आपण द्यावं. तेवढंच तिचं एक उत्तर वाचलं.

हे सगळं वाचताना तुमच्याही डोळ्यांपुढे इथलं कोणी उभं राहिलं असेल. आपल्या शिक्षकखोलीत, बँकेत, दवाखान्यात आदिवासी पाड्यावरून किंवा दलित वस्तीतून शिकून आलेली एखादी असतेच. डबा उघडला, की राखीव जागांचा विषय निघतो, आणि सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळतात. तिनं तरी किती वेळा तोच खुलासा करायचा? डॉ. आंबेडकरांचं लेखन मराठीत उपलब्ध आहे, दलित आत्मकथनं तर आपल्याच भाषेत लिहिली गेली. आठवड्याला एक पुस्तक ग्रंथालयातून बदलून आणतोच ना आपण? पुढचं यांतलं आणा. आणि उद्या डब्याच्या वेळी तिला निवांत जेवू द्या.